गाडीच्या सिंकला घरचा ट्रॅप चालतो का?

नवी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, ताब्यात दिल्यावर पहिला महिनाभर कुणाचा फोन येत नाही. मग मे महिन्यात गाडी तीन आठवडे उन्हात उभी राहते, दार उघडल्याबरोबर नासक्या अंड्यांचा भपकारा तोंडावर येतो आणि फोन वाजतो, "अहो, टाकी गळतेय वाटतं." टाकी बहुधा ठणठणीत असते. सिंकखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं.

ट्रॅप म्हणजे पाईपचा मुद्दाम दिलेला बाक. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि तेच सांडपाण्याच्या टाकीतल्या वासाला अडवतं. 1775 साली अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने संडासाच्या भांड्याला असा एस आकाराचा बाक देऊन पेटंट घेतलं. त्याच्यासमोर जागचं न हलणारं घर होतं. आपण तोच बाक चाकांवर चढवतो.

घरच्या ट्रॅपमध्ये साधारण 50 मिमी पाणी वास अडवायला उभं असतं. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायला लागलात की प्रत्येक वळणाला आणि ब्रेकला ते हिंदकळतं, थोडं थोडं टाकीत सांडतं. खाली वैभववाडीला पोचेपर्यंत किती उरलं ते बघायला कोण वाकतंय? उभ्या गाडीत ऊन ते आटवतं. भरलेलं सिंक एकदम सोडलं, की जाणारं पाणी ट्रॅपमधलंही ओढून नेतं. आणि एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खिडक्या बंद आणि छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालू असेल, तर पंखा बाहेर फेकलेल्या हवेच्या बदल्यात मिळेल तिथून हवा खेचतो. ट्रॅप कोरडा असला तर ती सांडपाण्याच्या टाकीतून येते.

हे तपासायला टिश्यूपेपरची पट्टी पुरते. पंखा लावा, खिडक्या बंद करा, पट्टी सिंकच्या जाळीवर धरा. पट्टी वर उचलली गेली तर हवा आत येतेय. उदबत्तीचा धूर बघायच्या फंदात मात्र पडू नका, टाकीतला वायू पेट घेऊ शकतो.

आता निवड. स्वयंपाकाच्या सिंकला आणि शॉवरला आम्ही पडद्याचा, म्हणजे बिनपाण्याचा व्हॉल्व्ह सुचवतो. सरळ नळीत सिलिकॉनचा मऊ पडदा असतो. पाणी आलं की उघडतो, गेलं की स्वतःच मिटतो. पाणीच नसल्यामुळे सांडायचं, आटायचं काही नाही. लडाखला जाणाऱ्यांना गोठायचीही भीती नाही. शॉवरखाली तर याला तोड नाही, कारण फ्लोअर आणि चासी यांच्यामध्ये पी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या नेहमीच्या ट्रॅपच्या, बाकाला पुरेशी खोली क्वचितच मिळते. घरची नहाणी ट्रॅप तिथे बसवायचा हट्ट धरू नका, ती खाली लोंबते आणि पहिल्या खड्ड्याला फुटते.

पण या पडद्याचे नखरेही आहेत. तो एकाच दिशेने चालतो, अंगावर बाण असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याच पोराने घाईत एक उलटा बसवला. ग्राहकाने भांडी घासली, पाणी सिंकमध्येच उभं, आणि आम्ही पाईप चोंदला म्हणून तासभर तार फिरवत बसलो! तेव्हापासून बाणावर पिवळा रंग मारल्याशिवाय फिटिंग बाहेर पडत नाही. आडवा बसवताना कंपनीची खूण पाळायची आणि पाईपला उतार द्यायचा, मीटरमागे 20 ते 25 मिमी.

दुसरा शत्रू आपलं जेवण. तांबड्या रश्शाचा कट गरम असताना झरझर जातो, पुढे थंड होऊन पडद्याला चिकटतो. त्यावर भाताचं एक शीत अडकलं की पडदा पूर्ण मिटत नाही, वास सुरू. पातेलं आधी कागदाने पुसा, मग सिंकमध्ये घ्या. बारीक जाळी लावा. चोंदलं म्हणून ॲसिड किंवा कॉस्टिक ओतू नका, व्हॉल्व्ह सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. म्हणूनच तो हाताने फिरवून निघेल अशा नटाचा घ्या आणि हात पोचेल तिथेच बसवून घ्या. सोल्व्हंट सिमेंटने कायमचा चिकटवून मागाल तर आम्ही नाही म्हणतो.

हात धुवायच्या छोट्या बेसिनला पी ट्रॅप चालतो, गाडी दर आठवड्याला फिरत असेल तर. स्वस्त आहे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गाडी उभी करून ठेवण्याआधी कपभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओता. तेलाचा थर पाणी लवकर आटू देत नाही. (हा उपाय पडद्याच्या व्हॉल्व्हला करू नका, तिथे तेल नकोच.) बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप दिसायला देखणा, पण त्याचे नट हादऱ्याने सैल होतात. एका ग्राहकाने घरच्या प्लंबरकडून बसवून घेतला होता. आंबा घाट उतरल्यावर कपाटातली तांदळाची पिशवी भिजून फुगलेली निघाली.

एकाच लाईनवर पी ट्रॅप आणि पडद्याचा व्हॉल्व्ह दोन्ही लावले तर वास डबल अडेल असं वाटतं. तसं होत नाही. दोघांच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणी गुडगुड करत रेंगाळतं. एकच लावा.

सगळ्यात आधी मात्र टाकीचा व्हेंट बघा. टाकीत पाणी आलं की तेवढी हवा बाहेर जायला हवी. छतापर्यंत गेलेला व्हेंट पाईप नसेल किंवा कुंभारमाशीने मातीचं घर करून तो बुजवला असेल, तर ती हवा ट्रॅपमधूनच वर येते, मग ट्रॅप कितीही भारी घ्या. काही जण छताला भोक नको म्हणून एअर व्हॉल्व्ह मागतात. तो फक्त हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. त्यामुळे पी ट्रॅपचं पाणी ओढलं जाण्यापासून वाचतं, पण टाकीचा व्हेंट म्हणून तो चालत नाही. पडद्याचा व्हॉल्व्ह गरजेपुरती हवा स्वतःच आत घेतो, म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह लागत नाही.

कॅसेट टॉयलेटला, म्हणजे खालची छोटी टाकी काढून रिकामी करायच्या संडासाला, ट्रॅप नसतोच. तिथे भांड्याखालच्या सरकत्या पात्याचं रबर वास अडवतं. त्याला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन आणि खोबरेल लावून रबर फुगवून आणणारे दर सीझनला येतात.

दुकानात येताना सिंकच्या तळापासून फ्लोअरपर्यंतची उंची, पाईपचं बाहेरचं माप (बहुतेक गाड्यांत 32 किंवा 40 मिमी) आणि सिंकखालचा एक फोटो आणा. फोटो काढण्याआधी कपाटातलं सामान बाहेर काढा, नाहीतर आम्हाला फक्त कांदे दिसतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं आमचं वर्कशॉप सोमवारी बंद असतं.