राउटरचं गिचमीड अक्षर

"काका, राउटर हॅक झालाय!" समोरच्या काकूंचा अकरावीतला नातू माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाला. काळ्या खिडकीत प्रश्नचिन्हं, रिकाम्या चौकटी आणि डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं धडाधड उमटत होती. मला मात्र ते बघून हायसं वाटलं. राउटर जिवंत होता आणि बोलत होता, फक्त त्याचं बोलणं मी चुकीच्या गतीने ऐकत होतो.

झालं होतं असं. काकूंनी गुरुवारी सकाळी राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, अपडेट करायला घेतलं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते हे पुण्यात कोणाला सांगायला नको, पण अपडेट अर्ध्यावर असतानाच गेली. वीज आल्यावर राउटरचा एकच दिवा लागला आणि तसाच राहिला. ना वायफाय, ना सेटिंगचं पान. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत निकाल दिला, "मेलाय, नवा घ्या." हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी चांगले राउटर भंगारात जातात. अर्धवट अपडेटमध्ये बिघडतं ते मुख्य फर्मवेअर. त्याच्याआधी जागा होणारा बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम मेमरीत वेगळ्या कप्प्यात असतो आणि बहुतेक वेळा शाबूत राहतो. त्याच्याशी बोलायचा दरवाजा म्हणजे सिरीयल कन्सोल, एकेका तारेवरून एकामागून एक अक्षरं पाठवायची जोडणी.

राउटरचं झाकण काढलं की बोर्डाच्या कडेला बऱ्याचदा एका ओळीत चार छिद्रं दिसतात. कारखान्यात चाचणीसाठी ठेवलेली असतात. चारपैकी एक ग्राउंड, एक ३.३ व्होल्टचा पुरवठा, एक राउटर बोलतो ती तार (टीएक्स) आणि एक तो ऐकतो ती (आरएक्स). काकूंच्या राउटरवर नावं छापलेली नव्हती, म्हणून मल्टिमीटर काढला. वीज बंद ठेवून ज्या छिद्राचा धातूच्या कवचाशी बीप वाजला ते ग्राउंड. मग राउटर चालू केला. एका छिद्रावर ३.३ व्होल्ट स्थिर होते, तो पुरवठा. दुसऱ्यावर आकडा पहिली काही सेकंद २.६, २.९, २.७ असा हलत राहिला आणि मग ३.३ वर थांबला. तेच टीएक्स. मीटरला एकेक ठोका दिसत नाही, तो सरासरी दाखवतो. तार बोलत असली की मध्येमध्ये शून्यावर जाते आणि सरासरी खाली येते. उरलेलं चौथं छिद्र आरएक्स.

लॅपटॉपला जोडायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक यूएसबी-टीटीएल मोड्यूल (लॅपटॉपचा यूएसबी आणि राउटरच्या तारा यांच्यातला छोटा दुभाषा) आणलं, दोनशे रुपयांच्या आत. घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा, त्यावरचा जंपर, म्हणजे व्होल्ट निवडायची छोटी टोपी, ३.३ व्होल्टवर हवा. जुन्या संगणकांमागचा नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट तर राउटरला थेट कधीच जोडू नका. आरएस-२३२ या मानकात 'शून्य' म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट आणि 'एक' म्हणजे उणे ३ ते उणे १५. राउटरची चिप तेवढ्याने कायमची जाऊ शकते. तीनच तारा जोडायच्या. ग्राउंडला ग्राउंड, राउटरचं टीएक्स मोड्यूलच्या आरएक्सला आणि मोड्यूलचं टीएक्स राउटरच्या आरएक्सला. एकाचं तोंड ते दुसऱ्याच्या कानाशी. पुरवठ्याची तार मोकळीच ठेवायची, कारण राउटरला त्याचा स्वतःचा अॅडाप्टर आहे.

एवढं केल्यावर पडद्यावर आलं ते गिचमीड. आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

या तिन्ही तारांत घड्याळाची तार नाही. राउटरमधला घड्याळाचा ठेका देणारा स्फटिक वेगळा, मोड्यूलमधला वेगळा, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. तरीही सेकंदाला हजारो बिट, म्हणजे शून्य आणि एक, एका तारेवरून बरोबर पोचतात, ते कसे?

तार शांत असताना ती ३.३ व्होल्टवर, म्हणजे 'एक'वर असते. अक्षर पाठवायचं झालं की पाठवणारा तिला एका बिटाच्या काळापुरतं शून्यावर आणतो. हा स्टार्ट बिट. मग अक्षराचे आठ बिट येतात, सगळ्यांत लहान किमतीचा आधी. शेवटी तार पुन्हा 'एक'वर जाते, तो स्टॉप बिट. एकूण दहा बिट. ऐकणारा तार पडण्याची वाट बघत असतो. ती पडली त्या क्षणी तो आपली मोजणी शून्यावर आणतो, दीड बिट थांबतो म्हणजे पहिल्या बिटाच्या बरोबर मध्यावर येतो, आणि तिथून प्रत्येक बिटाच्या मध्यावर एकदा डोकावतो.

तबला ऐकणाऱ्यांना हे चटकन कळेल. हा दहा मात्रांचा झपताल आहे आणि स्टार्ट बिट ही त्याची सम. गायकाची लय आणि तबलजीची लय तंतोतंत एक नसली तरी दर आवर्तनाला दोघे समेवर येतात, त्यामुळे चूक साचत जात नाही. इथेही प्रत्येक अक्षर नव्या समेपासून मोजलं जातं. शेवटचं डोकावणं सुरुवातीपासून साडेनऊ बिटांवर होतं. तोपर्यंत अर्ध्या बिटाहून कमी घसरण झाली की अक्षर बरोबर वाचलं जातं. अर्धा भागिले साडेनऊ म्हणजे सुमारे ५ टक्के. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आत राहावं, पण साध्या स्फटिकाची चूक लाखात पाच-दहाच्या घरात असते, तेव्हा दोन अनोळखी घड्याळांचं आरामात जमतं.

ही युक्ती टेलिप्रिंटरच्या काळातली आहे. वेगाचं एकक 'बॉड' हे एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून आलं. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिच्या घराण्यातली ही रीत बऱ्याच राउटरांच्या पोटात चालू आहे. पुण्यातच तिचं आणखी मोठं रूप होऊन गेलं. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ साली इथे घडवलेला 'परम ८०००' हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांचा होता. या चिपा एकमेकींशी सिरीयल दुव्यांनीच बोलत. दर आठ बिटांपुढे दोन 'एक' आणि मागे एक 'शून्य', म्हणजे अकरा बिटांचं आवर्तन, आणि कमाल वेग सेकंदाला २ कोटी बिट. समेवर येण्याचं तत्त्व तेच.

आता गिचमीड. मी लॅपटॉपवर वेग ठेवला होता सेकंदाला ११५२०० बिट, कारण बरेच राउटर त्यावर बोलतात. जुन्या पीसीच्या सिरीयल चिपला १८ लाख ४३ हजार २०० हर्ट्झचा स्फटिक असे, त्याला १६ ने भागलं की ११५२०० येतात. या वेगाला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा. काकूंचा राउटर मात्र निम्म्या वेगाचा होता, ५७६००. रॅलिंक-मीडियाटेक या कंपन्यांच्या राउटर चिपांत हा वेग पुष्कळदा आढळतो. त्याचा एक बिट १७.३६ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे त्याचा प्रत्येक बिट मला दोनदा दिसत होता.

कागद घ्या आणि करून बघा. बूटलोडरच्या 'हिट एनी की टू स्टॉप ऑटोबूट' या ओळीतलं पहिलं अक्षर, कॅपिटल एच. त्याचा आस्की क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक आकडा) ७२, म्हणजे ६४ अधिक ८. लहान बिट आधी घेतला तर ०००१००१०. पुढे स्टार्टचं ०, मागे स्टॉपचं १. माझ्या दुप्पट वेगाच्या कानाला ते असं ऐकू येतं:

०० ०० ०० ०० ११ ०० ०० ११ ०० ११

याचे दहा-दहाचे दोन गट पाडा. पहिला ००००००००११. त्यातलं पहिलं शून्य स्टार्ट, शेवटचं एक स्टॉप, मधल्या आठांत फक्त शेवटचा, सगळ्यांत मोठा बिट १. किंमत १२८. दुसरा गट ००००११००११. मधले आठ ०००११००१, किंमत ८ अधिक १६ अधिक १२८, म्हणजे १५२. एका एचची दोन अक्षरं झाली आणि दोन्ही १२७ च्या वर, जिथे इंग्रजी मुळाक्षरं संपलेली असतात. म्हणून पडद्यावर चौकटी आणि परकी अक्षरं.

हा योगायोग नाही. दुप्पट वेगाने ऐकताना पहिल्या गटाचा आठवा बिट आणि त्याचा स्टॉप हे मूळ एकाच बिटाचे दोन अर्धे असतात. स्टॉप 'एक' निघाला, तर आठवा बिटही 'एक'च असणार, आणि किंमत १२८ किंवा त्याहून जास्त होणार. स्टॉप 'शून्य' निघाला, तर अक्षराचा शेवट चुकला म्हणून चिप त्रुटी नोंदवते. म्हणजे शांत तारेनंतर आलेलं पहिलं अक्षर साधं इंग्रजी आणि त्रुटीशिवाय असं दिसूच शकत नाही. मी हे त्या मुलाला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. त्याने स्वतः 'ओ' घेऊन बघितला आणि २५४ काढले.

गिचमीड दिसतंय म्हणजे ग्राउंड बरोबर आहे, टीएक्स बरोबर आहे, चिप जिवंत आहे. चुकलाय तो वेग. तारा उलट्या असत्या तर पडदा कोरा राहिला असता. म्हणून गिचमीड दिसल्यावर लोक तारा काढून परत लावत बसतात याचं मला वाईट वाटतं, कारण तेवढीच एक गोष्ट त्यांची बरोबर झालेली असते.

वेग ५७६०० केला, राउटर बंद करून चालू केला आणि स्वच्छ इंग्रजी ओळी खाली सरकल्या. मेमरी किती, फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी चिप) कुठली, आणि शेवटी फर्मवेअरची पडताळणीची बेरीज जुळत नाही अशी तक्रार. ऑटोबूट, म्हणजे फर्मवेअर आपोआप सुरू होणं, थांबवायला आकडा उतरत होता, ३, २, १. कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा चालू केला, पुन्हा दाबली, तेच.

ऐकू येतं पण बोलता येत नाही, याची कारणं मोजकी असतात. आरएक्सचं सोल्डर कच्चं असतं, काही बोर्डांवर त्या वाटेवरचा एक छोटा रेझिस्टर कारखान्यातच बसवलेला नसतो, किंवा दोष आपल्या प्रोग्राममध्ये असतो. सिरीयल तारेशी बोलायला मी वापरतो त्या मिनिकॉम या प्रोग्राममध्ये 'हार्डवेअर फ्लो कंट्रोल' आपोआप चालू असतो. म्हणजे समोरचा "पाठव" अशी खूण वेगळ्या तारेवर करेपर्यंत प्रोग्राम एकही अक्षर सोडत नाही. आपल्या तीन तारांत ती तार नाहीच, त्यामुळे तो वाट बघत बसतो. मी तो बंद केला.

राउटर उघडा होता तेव्हा झाकणावर सोनेरी स्टिकर दिसला, 'रेडिएशन शोषणारी चिप'. काकूंनी प्रदर्शनातून आणला होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की त्यात चिप नाही. वायफाय म्हणजेच त्या रेडिओ लहरी. स्टिकरने त्या खरंच शोषल्या असत्या तर आतल्या खोलीत नेट पोचलंच नसतं. शिवाय त्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते आणि घरच्या राउटरची ताकद वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. भीती विकणाऱ्यांना पैसे देऊ नका एवढंच माझं म्हणणं.

तिसऱ्यांदा राउटर चालू केला. कळ मुलाने दाबली. आकडा २ वर थांबला आणि खाली बूटलोडरची खूण लुकलुकू लागली. पुढचं काम सरळ होतं. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (बूटलोडरला फाइल पुरवणारा साधा प्रोग्राम) चालू केला, लॅनची केबल लावली, त्याच मॉडेलची आणि त्याच हार्डवेअर आवृत्तीची फर्मवेअर फाइल दिली. फ्लॅशवर लिहिणं चालू असताना वीज जाऊ नये म्हणून राउटर यूपीएसवर ठेवला होता. काही मिनिटांत घरातल्या सगळ्या फोनांना वायफायचं नाव दिसलं.

झाकण बसवण्याआधी मुलाने आतल्या बाजूला मार्करने लिहिलं, '५७६००, ३.३ व्होल्ट', आणि चार छिद्रांची नावं क्रमाने.