घण

घण म्हणजे लांब दांड्याचा, जड माथ्याचा आणि सहसा दोन्ही हातांनी चालवायचा हातोडा. इंग्रजीतील ‘स्लेजहॅमर’ तो हाच. त्या नावातील ‘स्लेज’चा बर्फावरून घसरणाऱ्या गाडीशी काहीही संबंध नाही, ते ‘प्रहार करणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून आले आहे. मराठी शब्दाचे मूळही तसेच आहे: संस्कृत ‘घन’ हा शब्द ‘हन्’, म्हणजे मारणे, या धातूचा आहे.

घणाचा माथा घडीव पोलादाचा असून त्याचे वजन साधारणपणे दीड ते नऊ किलोग्रॅमपर्यंत असते. बहुतेक घणांच्या दोन्ही तोंडांना सपाट किंवा किंचित फुगीर पृष्ठ असते. काहींचे एक तोंड पाचरीसारखे निमुळते ठेवतात. दांडा साधारण 60 ते 90 सेंटिमीटर लांब असून तो चिवट लाकडाचा किंवा काचतंतूंचा करतात. दांडा बसवायचे भोक मधे अरुंद आणि बाहेरच्या बाजूला रुंद असते. दांड्याचे टोक त्यातून पार काढून वरून पाचर ठोकली की लाकूड फाकते आणि माथा निसटत नाही. पाचर सैल झालेला घण वापरणे धोक्याचे असते.

घणाची ताकद त्याच्या वजनातच आहे, हा समज अपुरा आहे. आघाताची ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. 5 किलोग्रॅमचा माथा सेकंदाला 10 मीटर वेगाने आदळला, तर 250 जूल ऊर्जा मिळते. 4 किलोग्रॅमचा माथा 12 मीटर वेगाने आणला, तर 288 जूल. म्हणून जो पेलवत नाही असा जड घण उचलण्यापेक्षा, जोरात फिरवता येईल असा थोडा हलका घण घेणे शहाणपणाचे. ही ऊर्जा खर्च व्हायला अंतर फारच थोडे मिळते. 250 जूल जर 5 मिलिमीटरमध्ये जिरले, तर सरासरी बल 50,000 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 5 टन वजनाइतके भरते. घण उचलताना एक हात माथ्याजवळ असतो आणि घाव घालताना तोच हात दांड्यावरून घसरत दुसऱ्या हातापाशी येतो; लांब दांड्याचा खरा फायदा या घसरण्यात आहे.

लोहारकामात घण सहसा एकटा चालत नाही. लोहार एका हातात सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने घाव कुठे हवा ते दाखवतो. समोरचा घणकरी नेमका तिथेच घण घालतो. दिसायला हे नुसते बळाचे काम वाटते, पण त्यात नेम आणि लय यांनाच जास्त किंमत आहे. खाणीतही छिद्रे पाडताना एक जण पहारीसारखी पोलादी कांब धरून दर घावानंतर थोडी फिरवत असे आणि दुसरे एक-दोघे तिच्यावर आळीपाळीने घण मारत. याखेरीज दगड फोडणे, भिंत पाडणे, खुंट ठोकणे आणि यंत्राचा अडकलेला खिळा काढणे यासाठी घण लागतो. दार फोडून आत शिरायची वेळ आली, तर बचाव पथकेही तो वापरतात. मोठ्या घडाईचे काम मात्र यंत्राकडे गेले. स्कॉटिश अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी 1842 मध्ये वाफेच्या घणाचे पेटंट घेतले.

घणाने दुसऱ्या हातोड्यावर कधीही मारू नये. दोन्ही पृष्ठे कडक असल्याने पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. म्हणून संरक्षक चष्मा आवश्यक आहे. ज्वालाग्राही वायू असतील तिथे ठिणगी टाळण्यासाठी पितळेचा किंवा तांब्याच्या दुसऱ्या मिश्रधातूचा माथा वापरतात.

लक्षणेने मराठीत ‘घणाघात’ आणि ‘घणाघाती’ हे शब्द भाषण, टीका आणि फलंदाजी यांना लावले जातात, आणि बहुधा कौतुकानेच. इंग्रजीत मात्र ‘स्लेजहॅमर’ला ओबडधोबडपणाची छटा आहे: अक्रोडासारखे कवचाचे फळ फोडायला घण उचलणे म्हणजे क्षुल्लक कामासाठी अवाजवी बळ लावणे. क्रिकेटमधील ‘स्लेजिंग’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला टोमणे मारून विचलित करणे, हा शब्दही याच छटेतून आल्याचे सांगितले जाते. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल यांच्या हकिकतीप्रमाणे तो 1960च्या दशकात ॲडलेडमध्ये रूढ झाला.