ऑक्सिजनचे सिलिंडर वेगळे का झाले?

नायट्रॉक्स म्हणजे पाण्याखाली श्वासासाठी वापरायची, जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा. ती मिसळायला वैद्यकीय ऑक्सिजन घ्यावा, वेल्डिंगचा की विमानासाठीचा, हा वाद सिलिंडर घेऊन बुडी मारणाऱ्यांमध्ये जुनाच आहे.

एकेकाळी फरक खरोखर वायूतच होता. पोटॅशियम क्लोरेट तापवून काढलेल्या ऑक्सिजनमध्ये क्लोरीनचा अंश येई. ब्रिन बंधूंची कंपनी 1886 साली लंडनमध्ये निघाली. तिथे तापलेला बेरियम ऑक्साइड हवेतला ऑक्सिजन धरून ठेवी आणि मग सोडी. त्यात थोडा नायट्रोजन उरेच. पुढे कार्ल फॉन लिंडे यांनी 1895मध्ये हवा द्रवरूप केली आणि 1902मध्ये ऊर्ध्वपातनाने तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढला. नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे 183ला. मध्ये उणे 186वरचा आर्गॉन तेवढा वेगळा करायला चिवट.

आज हे तिन्ही सिलिंडर बहुतेकदा एकाच द्रव ऑक्सिजनच्या टाकीवरून भरतात. वेगळी असते ती सिलिंडरची निगा. विमानासाठी बाष्प अत्यल्प लागतं, नाहीतर उंचीवरच्या थंडीत रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करणारा भाग, गोठतो. वैद्यकीय सिलिंडर भरण्याआधी निर्वात करतात, नोंदी ठेवतात. वेल्डिंगच्या परत आलेल्या सिलिंडरमध्ये आधी काय शिरलं होतं, याची तशी हमी नसते. म्हणून श्वासासाठी मी तरी तो टाळेन. जागेवरच हवेतून गाळलेला ऑक्सिजन मात्र साधारण 93 टक्केच असतो, उरलेला मुख्यतः आर्गॉन. रुग्णाला तो चालतो, पण 100 टक्के धरून मांडलेला मिश्रणाचा हिशेब चुकतो.

आगीचा धोका मात्र ऑक्सिजनचा ग्रेड विचारत नाही. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1च्या सरावात शुद्ध ऑक्सिजनने भरलेली केबिन पेटली आणि तीन अंतराळवीर गेले. नायलॉनसारख्या रोजच्या वस्तूंनीच भडका घेतला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढच्या नळीतला वायू दाबला जाऊन तापतो. दाब 1 वरून 200 बारपर्यंत (1 बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) एकदम चढला तर कागदावरचा हिशेब हजार अंशांपुढे जातो. तिथे ग्रीसचा ठिपका किंवा रबराचा कण पुरतो. म्हणून व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा.

अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने 1970च्या दशकात 32 टक्क्यांचं नायट्रॉक्स रुळवलं. रिकामा सिलिंडर 200 बारपर्यंत भरायचा तर आधी सुमारे 28 बार शुद्ध ऑक्सिजन, मग तेलाचा अंश नसलेली हवा. 40 टक्क्यांच्या आतल्या मिश्रणाला साधी उपकरणं चालतात, असं डायव्हिंगमध्ये सर्रास म्हटलं जातं. पण इथे त्या पहिल्या 28 बारना व्हॉल्व्हमधून शुद्ध ऑक्सिजनच जातो. मिश्रण शेवटी 32 टक्क्यांचं होणार असलं तरी सिलिंडर आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेलेच लागतात.