महासाथीतील सेवाकर्तव्य व आत्मसंरक्षण

सांसर्गिक रोगाच्या महासाथीत रुग्णसेवा करणाऱ्या व्यक्तीला रुग्णाप्रती असलेले कर्तव्य आणि स्वतःच्या व घरच्यांच्या जिवाची काळजी यांचा जो मेळ घालावा लागतो, तो वैद्यकीय नीतिशास्त्रात सेवाकर्तव्याचा प्रश्न म्हणून अभ्यासला जातो. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कक्षसेवक, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक आणि आशा स्वयंसेविका या सर्वांना तो लागू असला, तरी त्याची चर्चा बहुधा डॉक्टरांपुरतीच होते. नागपुरात ११ मार्च २०२० रोजी पहिला कोविड रुग्ण आढळला आणि मेयो व मेडिकल या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा प्रश्न रोजच्या ड्युटीचा भाग झाला.

धोका पत्करण्याचे बंधन लेखी स्वरूपात फार जुने नाही. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या १८४७ च्या संहितेने साथ पसरली असता जिवाची जोखीम घेऊनही काम चालू ठेवावे, असे म्हटले होते. विसाव्या शतकात हे कलम गळाले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत मात्र, साथीच्या काळात रोग होईल या भीतीने वैद्याने कर्तव्य सोडू नये, असे स्पष्ट बंधन आहे. त्याच्या समर्थनार्थ तीन कारणे दिली जातात: हे कौशल्य इतरांकडे नसते, व्यवसाय निवडतानाच त्यातील जोखीम स्वीकारलेली असते आणि शासकीय महाविद्यालयातील शिक्षणाचा बराच खर्च समाजाने उचललेला असतो. यांतील दुसरे कारण सर्वांत दुबळे म्हणावे लागेल, कारण नेहमीची जोखीम आणि अपुऱ्या साधनांनिशी अनोळखी विषाणूला सामोरे जाण्याची जोखीम यांत मोठे अंतर आहे. शिवाय आत्मसंरक्षण हे केवळ स्वार्थाचे नाव नव्हे. २००३ च्या सार्स साथीत जगभर नोंदल्या गेलेल्या ८,०९६ रुग्णांपैकी सुमारे एक पंचमांश आरोग्य कर्मचारी होते. आजारी पडलेली परिचारिका वॉर्डातून वजा होते आणि नकळत रोगाची वाहकही ठरू शकते.

कर्तव्य आणि कर्तव्यापलीकडची सेवा यांत नीतिशास्त्र भेद करते. पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आलेल्या सावित्रीबाई फुले यांच्यावर कोणत्याही संहितेचे बंधन नव्हते. त्याच वर्षी प्लेगमुळे झालेल्या साथरोग अधिनियमाने, त्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण दिले. त्यांच्या शरीराच्या संरक्षणाचा विचार कायद्यात यायला १२३ वर्षे लागली. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी ३ महिने ते ५ वर्षे, तर गंभीर दुखापत झाल्यास ६ महिने ते ७ वर्षे कारावासाची तरतूद केली. त्याआधी, नागपूरच्याच एका डॉक्टरने केलेल्या याचिकेवर ८ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड रुग्णांवर उपचार करणाऱ्यांना संरक्षक साधने आणि पोलीस संरक्षण पुरवण्याचे निर्देश दिले होते. कर्मचाऱ्याने जोखीम घ्यावी, तर संस्थेने साधने द्यावीत, ही परस्परता या निर्देशांतून अधोरेखित झाली. केंद्राची ५० लाख रुपयांची विमा योजनाही याच वसंतातली असली, तरी विमा मृत्यूनंतर मिळतो आणि मास्क त्याआधी लागतो.

प्रत्यक्षात कर्तव्याची कसोटी पीपीई किटमध्ये लागली. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना अंगभर प्लास्टिकसारखा झगा, दोन हातमोजे, एन-९५ मास्क आणि चष्मा घालून काम करायचे, तेही पाणी न पिता आणि स्वच्छतागृहात न जाता. कारण एकदा काढलेले किट पुन्हा घालता येत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत परिचारिकांना हे किती जड गेले असेल, ते वेगळे सांगायला नको. चष्म्यावर धुके साचून शीर दिसत नाही, सलाईन लावायला वेळ लागतो. किट घालण्यापेक्षा ते काढताना संसर्गाचा धोका अधिक असतो आणि नेमके तेव्हाच माणूस थकलेला असतो. सर्वांत कठीण क्षण हृदय बंद पडलेल्या रुग्णाचा. छाती दाबताना आणि श्वासनलिकेत नळी घालताना विषाणूयुक्त सूक्ष्म थेंब हवेत उडू शकतात, म्हणून आधी पूर्ण किट घाला आणि मगच हात लावा, असे मार्गदर्शन होते. तेवढी मिनिटे रुग्णाला परवडत नाहीत. येथे वाट पाहणे हा भ्याडपणा नसून नियम होता, हे नातेवाइकांना काचेपलीकडून समजणे अवघडच.

घरचा प्रश्न वेगळा होता. वृद्ध आईवडील किंवा तान्हे मूल असलेल्या कर्मचाऱ्यासाठी ड्युटीनंतर वेगळ्या खोलीची सोय ही चैन नव्हती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मे २०२० च्या सूचनेत, मोठ्या जोखमीचा संपर्क न आलेल्यांना सरसकट विलगीकरणाची गरज नसल्याचे म्हटले. त्यावर याचिका झाली आणि १७ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने विलगीकरणाची सोय नाकारू नये व वेतन थकवू नये, असे आदेश दिले.

जोखमीची वाटणी समान नव्हती. वय आणि सहव्याधी पाहून ज्येष्ठांना कोविड वॉर्डापासून दूर ठेवणे शास्त्राला धरून होते, पण त्यामुळे भार निवासी डॉक्टर आणि इंटर्न यांच्यावर आला. १८ एप्रिल २०२१ ची नीट-पीजी ही पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा ११ सप्टेंबरवर गेली, म्हणजे दुसऱ्या लाटेत निवासी डॉक्टरांची नवी तुकडी आलीच नाही. कंत्राटी कक्षसेवक आणि सफाई कामगारांना वैद्यक परिषदेची संहिता लागू नाही. त्यांच्यापुढे नकाराचा अर्थ नोकरी जाणे एवढाच होता. घरोघरी जाऊन तापमान व ऑक्सिजन मोजणाऱ्या आशा तर कागदोपत्री स्वयंसेविका, ज्यांना केंद्राकडून कोविड कामासाठी महिना १,००० रुपये मिळत. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप केला, तेव्हा कर्तव्य सोडल्याचा आरोप त्यांच्यावरही झाला. बोलणी होऊन मानधनात १,००० रुपयांची वाढ व ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाल्यावर त्या कामावर परतल्या.