स्कॅनिंगमध्ये ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलंय?

सोनोग्राफी स्कॅनिंगचा रिपोर्ट हातात पडला की आमच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, "लिव्हरला सूज आलीय म्हणे, आता काय?" खानापूर, निपाणीहून आलेली माणसं ही एक ओळ मनात घेऊन परतीच्या बसमध्ये बसतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

ग्रेड १ म्हणजे सूज नव्हे. लिव्हरच्या पेशींत चरबी साठली की यंत्राच्या लहरी जास्त परततात आणि शेजारच्या किडनीपेक्षा लिव्हर पडद्यावर पांढरट दिसतं. ग्रेड हे त्या पांढरेपणाचं नजरेनं केलेलं माप आहे. लिव्हर आतून घट्ट होऊ लागलंय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का, हे सुरुवातीच्या टप्प्यात साध्या स्कॅनिंगला कळत नाही. आणि पुढचा धोका ठरतो तो त्यावरच. रक्ततपासणीत लिव्हरचं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका.

यासाठी ‘फिब-४’ हा हिशेब आहे. वय आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी व प्लेटलेट एवढंच लागतं. वयाला एसजीओटीनं गुणायचं. प्लेटलेटच्या हजारांना (अडीच लाख म्हणजे २५०) एसजीपीटीच्या वर्गमूळानं गुणायचं आणि त्या संख्येनं पहिल्या गुणाकाराला भागायचं. वय ४५, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट अडीच लाख असेल तर उत्तर १.०३ येतं. १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. त्यावर गेलं तर डॉक्टर बहुधा फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा घट्टपणा मोजणारी तपासणी, सांगतात. पस्तिशीच्या आत हा आकडा भरवशाचा नाही. पासष्टीनंतर मर्यादा २ धरतात. शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि हिपॅटायटिस बी-सी यांविषयीही डॉक्टरांना विचारा.

उपाय वजनात आहे. ८० किलोच्या माणसानं ४ किलो उतरवले तरी चरबी घटते, ६ ते ८ किलो उतरवले तर पेशींचा दाहही कमी होतो. आठवड्याला अर्धा-एक किलो पुरे. उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन लिव्हरला उलट जड जातं. अंगानं सडपातळ, पण पोट सुटलेलं, अशांनाही हे लागू आहे. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या वर नको.

सणाला कुंदा जरूर खा. रोजचा घात होतो तो गोड चहा चार-पाच वेळा, सोबत बेकरीची खारी, उसाचा रस आणि रात्री ताटभर भात यांतून. गूळही साखरेइतकाच मोजा. दारू पूर्ण बंद ठेवा. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर किंवा शेताच्या बांधावर, आठवड्याचे १५० मिनिटं दमदार चाला. ‘लिव्हर टॉनिक’ किंवा गुळवेलीचा काढा मनानं सुरू करू नका. गुळवेलीनं लिव्हरला इजा झालेले रुग्ण आपल्या देशात नोंदले गेले आहेत.

महिन्याभरात पुन्हा स्कॅनिंगला येऊ नका, पैसे वाया जातील. डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण सहा महिने ते वर्षानं या. येताना सहा तास काही खाऊ नका आणि जुना रिपोर्ट आणा.