सेटिंग सारखं की हमी सारखी?

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात मध्यंतरी पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेसांची वेगाची शर्यत लागली. सर्व्हर एकच, 32 जीबीचा. डेटा एकच. मेमरीही दोघांना मोजून 8 जीबी. 'आता कुणी रडायचं नाही,' असं परीक्षकाने बजावलं, आणि रडारड तिथूनच सुरू झाली.

मेमरीचंच बघा. पोस्टग्रेस स्वतःच्या बफरइतकीच (म्हणजे मेमरीत राखलेल्या जागेइतकीच) ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशवरही, तिने हाताशी ठेवलेल्या प्रतीवरही, भिस्त ठेवतं, म्हणून त्याचं मॅन्युअल रॅमच्या 25 टक्क्यांपासून सुरुवात करा म्हणतं. मायएसक्यूएलचं साठवणुकीचं इंजिन इनोडीबी बहुतेक सगळं आपल्या बफर पूलमध्येच ठेवू बघतं. तिथे मॅन्युअल 80 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे 8 जीबीचा सदरा एकाच्या मापाचा निघाला आणि दुसऱ्याला आखूड. सेटिंग मात्र अगदी सारखं!

खरी मेख कमिटमध्ये, म्हणजे व्यवहार पक्का करण्यात आहे. जुन्या पेढीवर आधी कीर्दीत नोंद व्हायची, खतावणी सवडीने. डेटाबेसचा लॉग म्हणजे ही कीर्दच. प्रश्न एवढाच, की गिऱ्हाइकाला 'झालं' कधी सांगायचं? कीर्दीत शाई उमटल्यावर, की नोंद चिठोऱ्यावर खरडल्यावर?

इनोडीबीत 'फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट' नावाचं सेटिंग आहे. मुळात ते 1 असतं: प्रत्येक कमिटला लॉग डिस्कवर. ते 2 केलं की लॉग ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली होतो आणि डिस्कवर साधारण सेकंदाला एकदा जातो. आमच्याकडे कुणीतरी जुन्या सवयीने 2 ठेवलं होतं. पोस्टग्रेस बिचारं दर कमिटला डिस्क गाठत होतं.

हे ओळखायला तोंडी हिशेब पुरतो. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. एकच कनेक्शन एकामागून एक कमिट करत असेल, तर साध्या डिस्कवर आकडा त्याच्या आसपासच हवा. हजारांत दिसला तर मध्ये कुणीतरी चिठोऱ्यावर लिहितंय, मग तो डेटाबेस असो की डिस्कचा स्वतःचा कॅश. एसएसडीवर हा हिशेब चालत नाही, तिथे विजेची वायर ओढूनच बघावं लागतं. नुसती प्रोसेस मारून भागत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टीमकडचा मजकूर त्याने जात नाही. मुंबईत वीज कुठे जाते, असं म्हणणाऱ्यांनी 12 ऑक्टोबर 2020 आठवावा.

हमी सारखी करायची तर सेटिंगं वेगळी करावी लागतात. मायएसक्यूएलकडे 2, तर पोस्टग्रेसचं 'सिंक्रोनस कमिट' (लॉग डिस्कवर गेल्यावरच 'झालं' म्हणणं) बंद. तरीही तंतोतंत जुळत नाही: नुसता डेटाबेस कोसळला तर 2 वाल्याचं काही जात नाही, पोस्टग्रेसचे मात्र शेवटचे काही कमिट जाऊ शकतात. पोस्टग्रेसचं 'एफसिंक', म्हणजे मजकूर खरंच डिस्कवर पोचवण्याची सक्ती, बंद करणं ही बरोबरी नव्हे. त्यात अख्खा डेटाबेसच बिघडू शकतो.

1988 साली स्थापन झालेल्या टीपीसीने (डेटाबेसांच्या शर्यतींचे नियम ठरवणारी संस्था) म्हणूनच सेटिंगं ठरवून देण्याचा नाद केला नाही. तिच्या टीपीसी-सी या ऑर्डरी नोंदवण्याच्या चाचणीत कसंही ट्यून करा, पण वीज गेल्यावर कमिट टिकले पाहिजेत, 90 टक्के नव्या ऑर्डरी 5 सेकंदांच्या आत झाल्या पाहिजेत, किंमत जाहीर हवी आणि ऑडिटरची सही हवी.

मूळ सेटिंगांवरची शर्यत लबाडीचीच असते असं नाही. काही न बदलता वापरणाऱ्याच्या पदरात काय पडतं, हे तिथे कळतं. फक्त तिचा निकाल 'अमुक डेटाबेस वेगवान' असा लावू नये.

आमची शर्यत पुन्हा झाली. दोन्हीकडे दर कमिटला डिस्क, मेमरी ज्याच्या त्याच्या मापाने. फरक इतका कमी उरला, की वाद पहिली क्वेरी कॅश तापण्याआधी (डेटा मेमरीत येण्याआधी) मोजायची की नंतर, यावर गेला.