डावखुरी स्लॅप हिटिंग आणि ती शिकायचं वय

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये, मुख्यतः मुलींच्या आणि महिलांच्या खेळात, पळत पळत बॉल मारायची जी पद्धत आहे तिला स्लॅप हिटिंग किंवा नुसतं स्लॅप म्हणतात. बॅटर फर्स्ट बेसच्या बाजूच्या बॉक्समध्ये उभी राहते, पिचरच्या हातून बॉल सुटायच्या सुमाराला मागचा डावा पाय पुढच्या उजव्या पायावरून टाकते आणि धाव सुरू झालेली असतानाच बॉल शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) आणि थर्ड बेसच्या दिशेला छाटून मारते. अशी बॅटर म्हणजे स्लॅपर. मुळातच डावखुऱ्या मुलीला तिथे उभं राहायची सवय असतेच, फक्त पायांचं काम शिकायचं असतं. वाद सगळा आहे तो उजव्या हाताने थ्रो करणाऱ्या, आजवर उजव्यानेच बॅटिंग केलेल्या पण पायात वेग असलेल्या मुलीचा, तिला डावीकडे कधी न्यायचं याचा. ही नोंद मुख्यतः त्याबद्दल आहे.

बॉल मारल्यावर फिल्डरचा थ्रो पोचायच्या आत फर्स्ट बेस गाठायचा असतो, त्यात डावीकडून फायदा किती ते मैदानाच्या मापांवरूनच काढता येतं. होम प्लेट १७ इंच रुंद, तिच्या दोन्ही बाजूंना ६-६ इंच सोडून ३ फूट रुंदीचे बॅटर्स बॉक्स, म्हणजे दोन बॉक्सच्या मध्यांमध्ये साधारण साडेपाच फूट अंतर पडतं, आणि फर्स्ट बेसची लाइन ४५ अंशात जात असल्याने प्रत्यक्षात जवळजवळ ४ फूट वाचतात. बेस ६० फुटांवर. चांगल्या पळणारीला हे ४ फूट कापायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, एवढाच काय तो सरळ फायदा. त्याहून मोठी गोष्ट अशी की उजवीकडून पूर्ण स्विंग मारणारीचं शरीर थर्ड बेसकडे फिरतं, तिला थांबून वळावं लागतं, तर स्लॅपर बॉल लागतो त्याच क्षणी फर्स्टकडे निघालेली असते. अमेरिकेतल्या कॉलेज पातळीवर चांगली स्लॅपर होम ते फर्स्ट अंतर साधारण २.७-२.८ सेकंदात कापते असं धरलं जातं. बेसबॉलमध्ये हेच अंतर ९० फूट आहे, त्यामुळे तिथे ही युक्ती सॉफ्टबॉलइतकी कधी फळली नाही.

उगम

सॉफ्टबॉलचा स्वतःचा जन्म नीट नोंदलेला आहे, १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये, जॉर्ज हॅनकॉकच्या नावावर. स्लॅपचं तसं नाही. कोणी पहिल्यांदा मारला, कुठल्या मॅचमध्ये मारला यावर मतं अनेक आहेत, आणि ती ढोबळमानाने तीन गटांत बसतात.

एक गट बेसबॉलकडे बोट दाखवतो. १८९०च्या दशकात बाल्टिमोर ओरिओल्सचे खेळाडू बॉल मुद्दाम खाली कडक जमिनीवर आपटून उंच उडवायचे आणि तो खाली येईपर्यंत फर्स्ट गाठायचे, त्याला बाल्टिमोर चॉप म्हणत. त्यातला सगळ्यात गाजलेला विली कीलर, उंची जेमतेम ५ फूट ४ इंच, तोही डावखुरा. आजच्या स्लॅपमधला जो प्रकार बॉल आपटून उंच टप्पा काढतो तो दिसायला तंतोतंत हाच आहे. पण दिसायला सारखं म्हणजे वंशज असंच काही नसतं, आणि मधल्या ऐंशी-नव्वद वर्षांची साखळी या मांडणीत जुळत नाही, शिवाय कीलर उभा राहून मारायचा, पाय ओलांडून नव्हे.

दुसऱ्या गटाच्या मते स्लॅप म्हणजे ड्रॅग बंटची पुढची पायरी. बंट म्हणजे स्विंग न करता बॉल बॅटने हलकेच थोपवून जवळ पाडणं, आणि तो पळता पळता केला की ड्रॅग बंट. डावखुरे बॅटर बॉल नुसता बॅटवर घेत घेत पळत सुटायचे, मग थर्ड बेसवाली पुढे चढायला लागली की तिच्या बाजूने तो ढकलायचे, आणि ढकलण्याचं हळूहळू मारणं झालं. हे जास्त पटण्यासारखं आहे कारण पायांचं काम दोन्हींत एकच आहे. शिकवतानासुद्धा आज आधी ड्रॅग बंट आणि मग स्लॅप असाच क्रम असतो.

तिसरी मांडणी कुणी शोधलं यापेक्षा गरज का पडली हे विचारते. पिचिंगचं अंतर तेव्हा ४० फूट होतं, पिचर वरचढ होत्या, रन्स निघत नव्हते. अमेरिकेच्या कॉलेज सॉफ्टबॉलची पहिली एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) फायनल १९८२ मध्ये झाली, यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाने ती २-० अशी जिंकली, आणि १९८४ ची फायनल तर तेरा इनिंग चालून १-० ने सुटली. अशा खेळात एक बाई फर्स्टवर पोचवणं हीच मोठी कमाई, मग ती कशीही पोचवा. १९८८ मध्ये कॉलेजचं अंतर ४३ फुटांवर गेलं, पण तोवर स्लॅप रुळला होता. दुसरी आणि तिसरी मांडणी एकत्र धरली तर बऱ्याच गोष्टी जुळतात, म्हणजे तंत्र बंटमधून आलं आणि पसरलं ते पिचरांच्या वर्चस्वामुळे, काळ बहुधा १९७०च्या दशकाचा शेवट ते १९८०चं दशक. जपानमध्येही वेगवान डावखुऱ्या बॅटरांची परंपरा जुनी आहे आणि तिथून अमेरिकेत की उलट, असा एक उपवाद आहे. दोन्हीकडे वेगवेगळं वाढलं असणंही अशक्य नाही.

पुढचा भाग मात्र स्पष्ट आहे. यूसीएलएची नताशा वॉटली, थ्रो उजव्या हाताने आणि बॅटिंग डावीकडून, २००४ अथेन्सचं ऑलिंपिक सुवर्ण आणि २००८ बीजिंगचं रौप्य. अ‍ॅरिझोनाची केटलिन लो, २००६ आणि २००७ च्या कॉलेज विजेत्या टीममधली आणि नंतर तिथलीच हेड कोच. या पिढीनंतर स्लॅपर म्हणजे दुबळी बॅटर हा समज बराचसा गेला.

हाताचा प्रश्न

उजव्या मुलीला डावीकडे उभं करणं म्हणजे निसर्गाविरुद्ध जाणं असं पालकांना वाटतं. अभ्यास उलटं सुचवतात. डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये क्रिकेटपटूंवर केलेल्या कामात असं दिसलं की प्रबळ हात हँडलवर वर ठेवणारे, म्हणजे उलट्या स्टान्सचे बॅट्समन, व्यावसायिक पातळीवर हौशी खेळाडूंपेक्षा बरेच जास्त आढळतात. २०१७ मध्ये त्याच मंडळींनी बेसबॉलमध्ये थ्रो उजवा आणि बॅटिंग डावी असलेल्यांचं यश दाखवलं. इचिरो सुझुकी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आपल्याकडे सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव सुचेल, बॉलिंग उजव्या हाताने आणि बॅटिंग डावीकडून.

बॅट धरल्यावर डावखुऱ्या बॅटरचा उजवा हात खाली, नॉबजवळ म्हणजे हँडलच्या टोकाशी येतो (क्रिकेटची बॅट खाली टेकते, म्हणून तिथे हाच हात वरचा). स्लॅपमध्ये बॅटचं तोंड मागे ठेवून बॉल शॉर्टस्टॉपकडे पाठवायचा असतो आणि ते काम बरंचसं याच हाताच्या मनगटाचं, त्यामुळे उजव्या मुलीला ते उलट सोपं जावं असा तर्क आहे. पण या अभ्यासांवरून ‘सगळ्यांना डावीकडे न्या’ असा निष्कर्ष काढणं घाईचं, कारण बेसबॉलमध्ये बहुसंख्य पिचर उजवे असल्याचा फायदा डाव्या बॅटरला तसाही मिळतो, तो वेगळा काढणं अवघड आहे. शिवाय हे अभ्यास पूर्ण स्विंगचे आहेत, स्लॅपचे नव्हेत.

कधी

कोचांमध्ये इथे तीन तट आहेत. लवकरवाले म्हणतात ८ ते १० वर्षांत सुरू करा. मधले म्हणतात १२ ते १४. उरलेले म्हणतात की उजवीकडून बॅटिंग चालत नाही असं दिसेपर्यंत हातच लावू नका.

तिसऱ्या मताचा तोटा आधी सांगायला हवा कारण क्लबांमध्ये सर्रास तेच चालतं. जिला बॉल दिसत नाही, टायमिंग सापडत नाही, तिला स्लॅपर करून टाकायचं. पण पळत असताना डोकं हलतं, बॉल पाहणं त्यामुळे अजून कठीण होतं, म्हणजे जी अडचण होती तीच बाजू बदलून पुन्हा समोर येते. स्लॅपला वेग लागतोच, पण वेगाइतकीच नजर लागते.

लवकरवाल्यांच्या बाजूने बॉलचा वेग बोलतो. अमेरिकेतल्या वयोगटांत १० वर्षांखालच्यांना पिचिंग ३५ फुटांवरून आणि ११ इंच घेराच्या बॉलने, १२ खालच्यांना ४० फुटांवरून १२ इंची बॉलने, आणि १४ खालच्या गटापासून ४३ फूट. अंतर वाढतं पण पिचर त्याहून जोरात वाढतात. ताशी ६४ किलोमीटरचा बॉल ३५ फूट यायला सुमारे ०.६ सेकंद घेतो, तर ताशी १०५ किलोमीटरचा बॉल ४३ फूट ०.४५ सेकंदात कापतो, आणि पिचर प्रत्यक्षात बॉल पुढे येऊन सोडत असल्याने त्याहूनही कमी. पाय ओलांडणं, हात मागे ठेवणं, बॉल खोल येऊ देणं हे सगळं नवीन असताना ०.६ सेकंद ही चैन आहे. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा शिकणारीला ती मिळत नाही.

त्यांच्या विरोधात शरीर बोलतं. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, काहींची दहाव्याला तर काहींची चौदाव्याला. दहाव्या वर्षी टीममध्ये सगळ्यात जोरात पळणारी मुलगी बऱ्याचदा फक्त लवकर वाढलेली असते, चौदाव्या वर्षी बाकीच्या तिला गाठतात. शिवाय उंची वाढण्याच्या काळात पाय एकदम लांब होतात आणि काही महिने जमणाऱ्या गोष्टीही बिघडतात. दहाव्याला स्लॅपर म्हणून शिक्का मारलेली मुलगी पंधराव्याला मध्यम वेगाची आणि दणकट झाली तर तिच्याकडे ना स्लॅपचा वेग ना उजवीकडचा स्विंग, आणि हे नुकसान भरून काढायला वेळ उरत नाही.

खरं तर हे दोन निर्णय आहेत आणि वाद बराचसा ते एकत्र केल्यामुळे होतो. सुरुवात लवकर करता येते, ९ ते ११ या वयात डावीकडून बंट आणि चालत्या पायाचा स्लॅप खेळ म्हणून, उजवी बॅटिंग चालू ठेवून, त्यात गमावण्यासारखं काही नाही. कायमची बाजू ठरवणं मात्र वाढीचा झपाटा ओसरल्यावर, बहुतेकींच्या बाबतीत १३-१४ ला. तेव्हा बघायचं ते स्टॉपवॉच, दोन्ही बाजूंनी होम ते फर्स्ट, एकदा नाही तर महिन्याच्या अंतराने काही वेळा. फरक ठळक असेल आणि उजवीकडून ती गॅपमध्ये, म्हणजे फिल्डरांमधल्या मोकळ्या जागेत, जोरात मारणारी नसेल तर न्यावं. जी मुलगी उजवीकडून कुंपणापर्यंत बॉल नेते तिला नेऊ नये, कितीही पळत असली तरी; ४ फुटांसाठी डबल आणि होमरन सोडून देणं हा सौदा खोटा आहे. पंधरा-सोळाच्या पुढे सुरू करायला बंदी नाही, पण नवी बाजू मॅचमध्ये विश्वासाची व्हायला एखाद-दोन सीझन सहज जातात आणि तेवढे हातात आहेत का ते आधी मोजावं.

मुलीचं स्वतःचं म्हणणं हा मुद्दा कोचिंगच्या चर्चेत शेवटी येतो, तो आधी यायला हवा. स्लॅपरचे पहिले काही महिने लाजिरवाणे असतात, बॉल हुकतो, पाय अडकतो, आणि जी मुलगी स्वतः तयार नव्हती ती तिथेच सोडून देते.

शिकवायचा क्रम

आधी डावीकडून उभ्या उभ्या बंट, मग ड्रॅग बंट, मग टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या स्टँडवर) पाय ओलांडणं, मग हळू टॉसवर सॉफ्ट स्लॅप, शेवटी हार्ड स्लॅप. पाय पिचरच्या दिशेने जायला हवा, फर्स्टकडे नाही, नाहीतर बाहेरचा बॉल हातातून जातो, आणि बाहेरचा बॉल तर स्लॅपरचा सगळ्यात लाडका. बॉक्स ७ फूट लांब असतो, त्यात मागून सुरुवात केली तर पुढे जागा उरते. बॉल लागताना पूर्ण पाऊल बॉक्सच्या बाहेर जमिनीवर असेल तर बॅटर आउट, त्यामुळे सरावातही रेघा आखूनच खेळावं. अमेरिकन हायस्कूलच्या नियमांत स्लॅप हिटची वेगळी व्याख्या आहे, छोट्या छाटणीच्या हालचालीने मारलेला बॉल, आणि तो बंट धरला जात नाही. याचा अर्थ दोन स्ट्राइकवर स्लॅप फाउल गेला तर बंटसारखी बॅटर आउट होत नाही. टू-स्ट्राइकला घाबरून स्लॅप सोडून देणाऱ्या मुलींना हे सांगितलेलंच नसतं.

त्यानंतर डावीकडून पूर्ण स्विंग. बंट, स्लॅप आणि हिट तिन्ही करणारीला ट्रिपल थ्रेट म्हणतात, आणि तिसरी गोष्ट नसेल तर इनफिल्ड पुढे चढून बसतं, लेफ्ट फिल्डरही जवळ येते, पिचर आत आणि वर टाकत राहते किंवा मध्येच चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) टाकून पायांचं टायमिंग मोडते. २००० नंतर बॅट आणि खेळ दोन्ही ताकदीकडे झुकल्यामुळे नुसत्या स्लॅपरला लाइनअपमध्ये जागा कमी झाली आहे, पहिली, दुसरी किंवा नववी अशाच जागा मिळतात.

भारतात

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल पुणे, नागपूर, अमरावती, जळगाव या भागांत खेळला जातो, आणि शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. वर सांगितलेलं १३-१४ चं वय इथे नेमकं १४ खालच्या गटाच्या शेवटी आणि १७ च्या सुरुवातीला येतं, त्यामुळे बाजू बदलायची तर गट बदलल्यावरचं पहिलं वर्ष त्यासाठी वापरणं सोयीचं, तेव्हा टीममधली जागा तशीही नव्याने कमवायची असते. खो-खो किंवा धावण्यातून आलेल्या मुलींकडे पहिल्या चार पावलांचा वेग तयार असतो, आणि उजव्या बॅटिंगच्या सवयीही फार घट्ट झालेल्या नसतात. बारा-तेराव्या वर्षी पहिल्यांदा बॅट हातात घेणाऱ्या अशा मुलीला थेट डावीकडेच उभं करावं, हा या नोंदीतला एकमेव अपवाद.